नकाशात परभणी, सातबारात कोण?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठेच काही जमले नाही तर माणसाने परभणी गाठावी, तिथे पोट भरते, असा तिचा अर्थ लावला जातो. जमीन काळी, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्या, ज्वारी आणि कापूस दोन्ही पिकणार. मग पोट भरणारच! आमचा प्रश्न वेगळा आहे. ही काळी जमीन आहे कुणाच्या नावावर?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवर पोखर्णी नृसिंह हे स्टेशन लागते. देवाचे नाव थेट स्टेशनच्या पाटीवर गेले आहे. पुढे गोदावरी ओलांडली की गंगाखेड, संत जनाबाईचे गाव. नदीच्या अलीकडे परभणी, पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू; पलीकडे गंगाखेड, सोनपेठ, पालम; आणि उत्तरेला डोंगराकडे जिंतूर. असे हे नऊ तालुके. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला तेव्हा जिल्हा लहान झाला, तरी २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार ८६ भरली. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, १९७२ पासूनचे कृषी विद्यापीठ, त्या विद्यापीठाने काढलेले ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण, हे सगळे शाळेच्या भूगोलात शोभून दिसते.

परंतु हा भूगोल गावाच्या वेशीपाशी थांबतो. पोखर्णी काय किंवा जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव काय, देऊळ गावात असते आणि बौद्ध वस्ती, मातंग वस्ती बहुधा गावकुसाबाहेर, उताराला, ओढ्याच्या अंगाला असते. २०११ च्या गणनेत या जिल्ह्यात शंभरातली तेरा-चौदा माणसे अनुसूचित जातींची निघाली. म्हणजे दोन लाखांच्या वर माणसे. त्यांच्यातल्या किती जणांच्या नावाचा सातबारा आहे? मोत्यासारखी ज्वारी काढायला, कापूस वेचायला हेच हात लागतात. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडचे लोक दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयत्यावर जातात आणि पोरांची शाळा फडातच राहते. काळी जमीन पोट भरते ते मालकाचे. मजुराला त्यासाठी जिल्हा सोडावा लागतो.

आमच्या माणसाच्या वाट्याला जी काही जमीन आली ती गायरानाची. ती कुणी ताटात वाढून दिली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली, बायाबापड्या लेकरे कडेवर घेऊन गेल्या. त्या लढ्यातून मराठवाड्यात पडीक गायराने कसायला लोक उतरले. दगडधोंडे वेचले, बांध घातले, ज्या मातीत कुसळ उगवत नव्हते तिथे तूर उभी केली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची निवडली, भाषणे झाली. प्रत्यक्षात ज्यांचे पट्टे झाले त्यांचे झाले. बाकीचे आजही कसतात आणि आजही कागदावर ‘अतिक्रमणदार’ आहेत.

कागदावर नसण्याची किंमत काय असते ते सप्टेंबर २०२५ ने दाखवले. मराठवाड्यावर आभाळ फाटले, गोदावरीला पूर आला, उभी पिके पाण्याखाली गेली. पाणी कुणाची जात विचारत नाही असे म्हणतात. खरे आहे. परंतु पाणी ओसरल्यावर पंचनाम्याचा कागद पहिला प्रश्न विचारतो तो सातबाऱ्याचा! पीक गायरानातले असेल तर नुकसान झाले असे धरतच नाहीत. पीएम किसानचा हप्ता जमिनीची नोंद असलेल्यालाच मिळतो आणि आताचा शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच निघतो. तीस-तीस वर्षे नांगर धरणारा माणूस सरकारच्या लेखी शेतकरीच नाही.

आणि या जिल्ह्यात नोंदीची लढाई जमिनीपुरती कधीच नव्हती. १९७२ साली याच जिल्ह्यातील ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रीची विटंबना झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’ अंकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि आमच्या आयाबहिणींच्या अब्रूची शिक्षा समोरासमोर मांडली, तेव्हा कुठे पांढरपेशा महाराष्ट्राला ब्राह्मणगाव नावाचे गाव आहे हे कळले. कळल्यावर राग आला तो मात्र बहुतेकांना लेखकाचा. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या, परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. घर जळते तेव्हा भांडीकुंडी तर जातातच, पत्र्याच्या पेटीतला कागदही जातो, हे त्या जाळपोळीचा हिशेब मांडणाऱ्यांनी फारसे ध्यानात घेतले नाही.

पोखर्णीहून रेल्वेने परभणीला उतरलेला माणूस स्टेशनाबाहेर आला की समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. तिथल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, मग वस्त्यांमध्ये पोलिसांचे अटकसत्र सुरू झाले. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे आलेला धक्का असे कारण लिहिलेले असताना सभागृहात मात्र आजाराचे कारण सांगितले गेले. त्याच्या आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. पोटचे पोर गेल्यावर एका नोंदीसाठी आईने साडेसात महिने झगडायचे!

म्हणून आम्ही वकील म्हणून गायरानधारक बांधवांना कागदाविषयी चार गोष्टी सांगू इच्छितो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा सुटल्या. नोटीस आली की ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे’ एवढेच ऐकवून माणसाला गप्प केले जाते. पण तोच निकाल शेवटपर्यंत वाचा ना! शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिली असेल, तर अपवाद म्हणून ती नियमित करता येईल, असे त्यातच लिहिलेले आहे. धनदांडग्यांच्या कब्जासाठी लिहिलेला निकाल आमच्या अर्ध्या एकरावर चालवायचा आणि अपवादाचे वाक्य झाकून ठेवायचे, ही त्यातली हातचलाखी आहे.

गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. तिची जुन्यात जुन्या वर्षापासूनची नक्कल तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज करून मागावी. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात तहसीलला मागावी. कधीकाळी दंड भरला असेल तर ती पावती सोन्यासारखी जपावी, कारण १९९० पूर्वीची दंडाची पावती हा कब्जाचा पुरावा सरकारनेच सही-शिक्क्यानिशी दिलेला असतो. पुष्कळ घरांत ती म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतर रद्दीत गेलेली आम्ही पाहिली आहे. सत्याग्रहात अटक झाली असेल तर त्याचे कागद शोधावेत. १ मार्च २०२७ या संदर्भ दिवसाची जातनिहाय जनगणना जाहीर झाली आहे. तिच्यात धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून घ्यावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू आहेत, त्यामुळे बौद्ध लिहिल्याने पट्टा जाईल ही भीती घालणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. आणि नोटिसीचे उत्तर मुदतीत, लेखी द्यावे, निकालातील ते अपवादाचे वाक्य त्यात उतरवावे आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.