साऱ्याच्या पावतीवरची रोजगार हमी आणि कै. वि. स. पागे



गेल्या महिन्यात लागणीच्या नोंदी घेण्यासाठी गट ऑफिसात बसलो होतो. एक जुने सभासद वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली साऱ्याची पावती घेऊन आले. पावती पिवळी पडलेली, पण आकडे वाचता येत होते. म्हणाले, "साहेब, शेतसारा कळला, शिक्षण कर कळला. पण हा रोजगार हमीचा कर आम्हा बागायतदारांच्या बोकांडी का? आमच्याकडं तर खुरपणीला बाई मिळंना!" बसलेली सगळी मंडळी हसली. मीही हसलो. पण प्रश्न रास्त होता आणि मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते आता लिहितो.

या कराचा उगम आपल्यासारख्याच मुलखात आहे. कै. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगावचे. स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्ते. महाराष्ट्र राज्य झाले त्या 1960 सालापासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. इतकी वर्षे सलग त्या खुर्चीवर बसणे सोपे नव्हे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सभापतीला सभागृहात उठून आपल्या तालुक्याची बाजू मांडता येत नाही. मतसुद्धा दोन्हीकडे सारखी मते पडली तरच देता येते. म्हणजे आपण ज्याला 'आमदारकी गाजवणे' म्हणतो, ती वाट त्यांना बंदच होती. मग त्यांनी काय केले? मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यामागे लागून आपल्याच तालुक्यात एक प्रयोग करून दाखवला.

तासगाव तालुक्यातील विसापूर व आसपासच्या गावांत 1965 साली हा प्रयोग सुरू झाला. हा पट्टा आज द्राक्षांसाठी ओळखला जातो, पण तेव्हा पाऊस बेभरवशाचा, सुगी सरली की शेतमजुराच्या हाताला काम नाही. पागेसाहेबांचा विचार साधा होता. माणूस रिकामा आहे आणि गावात बांधबंदिस्तीचे, तलावाचे, रस्त्याचे काम पडून आहे. दोन्हीची गाठ घालून द्यावी. दान द्यायचे नाही, काम द्यायचे, आणि त्या कामातून शेतीला उपयोगी पडेल अशी काही वस्तू उभी राहिली पाहिजे.

पुढे 1972 साली ही योजना राज्याने घेतली आणि त्याच साली तो दुष्काळ आला. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात त्या सालाचे नाव काढले की वडील आजही मिलोची भाकरी आणि सुकडी सांगू लागतात. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्यांत नुसते मजूर नव्हते. दहा-वीस एकरांचे धनीही डोक्याला टापर बांधून खडी फोडत होते, आणि त्यांच्या मालकिणी शेजारी पाटी उचलत होत्या. आज आपल्या कारखान्याचे सभासद असलेल्या कितीतरी घरांची ही हकिकत आहे. ती सांगायला लाजू नये.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली, आणि 1977 साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर 15 दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला निदान 1 रुपया, म्हणजे नावापुरताच. पण काम 'मिळाले तर मिळाले' अशी मेहेरबानी राहिली नाही, मजुराचा हक्क झाला. देशभरासाठी असा कायदा व्हायला 2005 साल उजाडले.

आता पैशाचे बोलू, कारण पावतीचा प्रश्न तोच आहे. हमी द्यायची तर दरसाल पैसा हवा. त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर आला. माझ्या पगारातून आणि कारखान्यातील माझ्या सहकाऱ्यांच्या पगारातून वर्षाला 2500 रुपये कापले जातात, त्या कपातीचे मूळ हे. शिवाय मोटारगाड्यांवर, विक्रीकरावर जादा कर बसला, आणि बागायत जमिनीवर रोजगार हमीचा उपकर बसला. जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच सरकारने आपल्याकडून घालायची, असे ठरले. त्या वेळी विधिमंडळात साखर पट्ट्यातले आमदार थोडे नव्हते. पाणी ज्याच्या रानात आले त्याने कोरडवाहूच्या मजुरीचा थोडा भार उचलावा, याला त्यांनीही हात वर केला.

पण यात बागायतदाराने नुसते दिलेच, असे म्हणता येणार नाही. हा माझ्या खात्याचा विषय असल्याने जरा सविस्तर लिहितो. रोजगार हमीतून जे पाझर तलाव झाले, त्यांना पाट नसतो. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी मुरमातून आणि खडकाच्या फटींतून मुरू द्यायचे. ते खालच्या अंगाच्या विहिरींत उतरते. विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. बांधावर ज्या बाईने पाटी टाकली तिच्या नावावर बहुधा गुंठाही नव्हता. तिला आठवड्याची मजुरी मिळाली, आपल्याला विहिरीचे पाणी मिळाले. तलाव झाला तेव्हा अपेक्षा होती की या पाण्यावर दहा-बारा जणांची ज्वारी, हरभरा, थोडी भुईमूग भिजेल. आपण तेथे ऊस लावला. पाटाने भिजवलेल्या सुरू उसाला 250 सेंटिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे 1 कोटी लिटर. दोन विहिरींवर ऊस गेला की खालच्या चार विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. मी ऊस विकास अधिकारी, ऊस लावू नका असे मी कसे सांगू! पण ठिबकाशिवाय अशा ठिकाणी लागण धरू नये, हे सांगितलेच पाहिजे.

राहता राहिला मजुरांचा प्रश्न. रोजगार हमीने मजूर महाग केला, ही तक्रार जुनीच आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. 1988 साली या कामाची मजुरी शेतमजुरीच्या किमान दराइतकी केली, तेव्हा गावोगावी कुरकूर झाली. परंतु रोजगार हमीने सगळा मजूर ओढून नेला असता, तर दर गळिताला बीड जिल्ह्यातून उचल घेऊन तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे उतरल्याच नसत्या. कामाची हमी कागदावर असूनही ती माणसे लेकरे पाठीशी बांधून येतात, याचा अर्थ त्यांच्या गावात काम पुरत नाही किंवा वेळेवर मिळत नाही. बोगस मस्टर, मोजमापातली कापाकापी, महिनोन्महिने अडकलेली मजुरी, हे सर्व या योजनेत झाले आहे. पागेसाहेबांचा विचार जेवढा स्वच्छ होता तेवढा हजेरीपट स्वच्छ राहिला नाही. आणि आपल्या खुरपणीला बाई मिळत नाही, त्याला मुलांचे शिक्षण, शहरातली कामे, गावागावांतली दुकाने अशी दहा कारणे आहेत. सगळे खापर एका योजनेवर फोडणे बरोबर नाही.

कै. पागे 1990 साली गेले. त्या सभासदांची पावती मी झेरॉक्स काढून ऑफिसात ठेवली आहे, कुणाला पाहायची असेल तर पाहावी.

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या कार्यक्षेत्रातील जुन्या पाझर तलावांत गाळ बसला आहे. पाणी दिसते पण मुरत नाही. ज्या सभासदांच्या विहिरी अशा तलावाच्या खालच्या अंगाला आहेत, त्यांनी विहिरीची खोली आणि मे महिन्यातील पाण्याची पातळी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे नोंदवावी. सोबत गट नंबर आणि विहिरीवरचे उसाचे क्षेत्र लिहावे. नोंदी आल्या की ग्रामसभेपुढे गाळ काढण्याची मागणी आकड्यांसह ठेवता येईल.