दोघांपुरती मोटार

एकत्र कुटुंबांत दोघांपुरती मोटार ही वस्तूच मुळीं विपरीत वाटावी अशी आहे. विलायतेंत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याचें गेल्या वर्षीं पत्र आलें, "काका, मी उघड्या टपाची, दोन बैठकींची एक जुनी मोटार घेणार आहें. मिजेट घ्यावी कीं स्पिटफायर, तें तुम्ही सांगा." तेव्हां आमच्या वहिनींनीं पहिला प्रश्न केला तो हाच, कीं उद्यां मूल झालें म्हणजे त्याला कोठें बसवणार? ह्या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. पुतण्याचा प्रश्न मात्र माझ्या माहितींतला होता. १९७४ पासून तीन वर्षें मी शिक्षणाकरितां कॉव्हेंट्रीस होतों. दोन्ही मोटारी त्या वेळीं नव्या कोऱ्या विकल्या जात, आणि आमच्या वसतिगृहांत त्यांवरून सरळ दोन तट पडलेले होते.

ज्या वाचकांनीं ह्या मोटारी पाहिल्या नसतील त्यांच्याकरितां थोडा पूर्वेतिहास सांगतों. १९५८ सालीं डोनाल्ड हीली ह्या कल्पक गृहस्थानें ऑस्टिनच्या छोट्या कुटुंबमोटारीचें ९४८ घनसेंटिमीटरचें एंजिन घेऊन 'स्प्राइट' नांवाची स्वस्त क्रीडामोटार सिद्ध केली. तिचे दिवे बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे वटारलेले. दारास बाहेरून मूठ नाहीं, आणि सामानाच्या कप्प्यास झांकणहि नाहीं! १९६१ त तिचें रूप पालटलें व तीच मोटार एम. जी. चा शिक्का लावून 'मिजेट' ह्या नांवानेंहि विकूं लागले. तिला तोड म्हणून कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनें मिकेलोत्ती ह्या इटालियन कलावंताकडून एक नमुना करवून घेतला होता; पण पैशाची ओढाताण, तेव्हां तो कारखान्याच्या कोपऱ्यांत आच्छादनाखालीं धूळ खात पडला. १९६१ सालीं लेलँडनें ती कंपनी विकत घेतली, नव्या मालकांच्या दृष्टीस तो नमुना पडला, आणि पुढल्याच वर्षीं महायुद्धांतील नामांकित लढाऊ विमानाचें नांव धारण करून 'स्पिटफायर' बाजारांत उतरली.

पुढें १९६८ सालीं ब्रिटिश लेलँड हा प्रचंड संघ स्थापन झाला आणि ह्या दोन सवती एकाच घरीं नांदूं लागल्या. एक ॲबिंग्डनला बने, दुसरी कॉव्हेंट्रीस. १९७४ च्या अखेरीस तर मिजेटच्या पोटांत स्पिटफायरचेंच १४९३ घनसेंटिमीटरचें एंजिन बसविलें. आमच्या वसतिगृहांतील मिजेटपक्षीय मंडळींना त्या दिवशीं सुतक आलें होतें.

एंजिन एकच झाल्यावर अश्वशक्तीचे आंकडे पाहत बसणें व्यर्थ होय. स्पिटफायरची ७१ भरे, मिजेटची ६५. हा भेद बहुतांशीं कागदावरचा. खरा भेद अंगाच्या घडणींत आहे. मिजेटला निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याच्या पेट्या एकमेकींस सांधून तिचें सारें अंगच सांगाडा बनविलेलें आहे. स्पिटफायरच्या अंगाखालीं मात्र हेराल्ड ह्या कुटुंबमोटारीवरून घेतलेला पोलादी सांगाडा असतो. त्यामुळें मिजेट आवळलेल्या मुठीसारखी घट्ट वाटते, तर स्पिटफायर खडबडीत रस्त्यावर किंचित् थरथरते. उलट स्पिटफायरचें बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढें उलथतें, आणि मनुष्य तिच्या चाकावर बसून एंजिनाची शुश्रूषा करूं शकतो. मिजेटवाल्यानें कंबर वाकवावी आणि बोटें सोलून घ्यावीं.

स्पिटफायरच्या मागील चाकांविषयीं जरा विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण तेथें प्राणाशीं गांठ आहे. पहिल्या आठ वर्षांच्या गाड्यांत मागील प्रत्येक चाकाचा अर्धा आंस फक्त मधल्या टोकाशीं लवतो. वळणावर गाडी वेगांत असतां चालकानें घाबरून एकाएकीं पाय काढला, कीं मागील भाग उचलला जातो, आंस लवतात, चाकें खालच्या अंगानें आंत मुडपतात आणि टायरची नुसती कड जमिनीस टेकून राहते. मग शेपटी सुटावयास कितीसा वेळ! १९७० सालच्या चौथ्या आवृत्तींत मागील आडव्या कमानीचे बहुतेक पाटे झुलते ठेवले आणि हा दोष पुष्कळसा आटोक्यांत आला. म्हणून पुतण्यास मीं पहिली गोष्ट लिहिली ती ही, कीं त्यापूर्वींची स्पिटफायर कितीहि देखणी व स्वस्त मिळाली, तरी सूनबाईला शेजारीं बसवून न्यावयाची असेल तर ती घेऊं नकोस.

मिजेटचें गणित नेमकें उलटें आहे. अमेरिकेंतील कायद्याखातर १९७४ च्या अखेरीपासून तिला काळे, जाडजूड रबरी बंपर आले व तिची उंचीहि वाढविली गेली. वळणावरची चपळाई, जी तिची सगळी इस्टेट, तीच उणावली. माझें स्वतःचें मन अद्याप १९७२ ते ७४ मधील, मागच्या चाकांवरील कमान गोल असलेल्या मिजेटकडे ओढ घेतें. परंतु पुतण्या सहा फूट उंच. साडेअकरा फुटांच्या त्या गाडींत त्याचे गुडघे सुकाणूंस लागणार. शिवाय त्याला दर पंधरवड्यास लीड्सहून कॉव्हेंट्रीस मोठ्या रस्त्यानें जावें लागतें. एंजिनाचे फेरे कमी करणारें ओव्हरड्राइव्ह स्पिटफायरला घेतां येत असे. मिजेटला तें कधींच मिळालें नाहीं.

तथापि, माझ्या मतें, हा सारा खल गंजापुढें दुय्यम आहे. मिजेटचें उत्पादन १९७९ त आणि स्पिटफायरचें १९८० त थांबलें. म्हणजे आज जी मिळेल तिनें चाळीसांहून अधिक विलायती पावसाळे काढलेले असणार. त्यांत २०१८ पासून ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांवरील, मूळ स्वरूपांतील मोटारींस सक्तीच्या वार्षिक तपासणींतून सूट आहे. तेव्हां तपासनीस स्वतः ग्राहकच! दाराखालचा पत्र्याचा उंबरा दोघींतहि अंगाचा मुख्य आधार आहे. मिजेटमध्यें तर तोच कणा. तो आंतून कुजला असला तरी वरून रंगारी लांबी भरतात, आणि गाडी नवरीसारखी दिसूं लागते. मीं लिहिलें, "रंग पाहूं नकोस. चिंध्यांत गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन जा व उंबऱ्यावरून फिरव. लांबीवर तो चिकटणार नाहीं. मग जॅकवर गाडी उचलून दार उघडून पहा. फट मिटली अथवा दार अडलें तर नमस्कार करून परत ये. मिजेट असेल तर मागील कमानींची टोकें जेथें अडकविलेलीं असतात तेथेंहि हात घाल. निकोप अंगाची मिजेट आणि कुजकी स्पिटफायर समोर आल्यास मीं वर लिहिलेलें सर्व विसर आणि मिजेट घे."

सहा आठवड्यांत त्यानें पांच गाड्या पाहिल्या. एका सुरेख लाल गाडीवरून चुंबक सुपारीसारखा घरंगळला. विक्रेता म्हणाला, हवाच दमट आहे! सूनबाई गाडींत बसून शृंगारलेला आरसा पाहत होती, ती मुकाट्यानें उतरली. शेवटीं १९७७ सालची, रंग उडालेली, पण उंबरे खणखणीत असलेली पिवळी स्पिटफायर त्यांनीं घेतली. टपाच्या कापडास एक वीतभर चीर आहे. ती शिवावयास कोणत्या जाडीचा दोरा वापरावा, असें आतां त्यानें वहिनींनाच विचारलें आहे.