साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स, सॅन फ्रॅन्सिस्को

रस्त्याच्या कडेला दूरदर्शक मांडून येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही विनामूल्य आकाश दाखविणारे हौशी ज्योतिर्विदांचे एक अमेरिकन मंडळ. ‘साइडवॉक’ म्हणजे पदपथ. कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रॅन्सिस्को शहरात १९६८ साली जॉन डॉब्सन (१४ सप्टेंबर १९१५–१५ जानेवारी २०१४) आणि त्यांच्याकडे दूरदर्शक बनविण्यास शिकलेले दोन तरुण यांनी ते स्थापन केले. हौशी ज्योतिर्विदांच्या संघटना यापूर्वीही होत्या. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल ॲसोसिएशन ही संस्था १८९० साली, तर रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे जमविणारी अमेरिकन संघटना १९११ साली स्थापन झाली. सभासदांनी स्वतः निरीक्षणे करावी व ती शास्त्राच्या उपयोगी पडावी, हा अशा संस्थांचा मुख्य हेतू होता. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मंडळाने निरीक्षकाऐवजी वाटसरूला मध्यभागी आणले. या एका बदलामुळे दूरदर्शकाची घडणही बदलली आणि मंडळाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

डॉब्सन यांचा जन्म पीकिंग (बीजिंग) येथे झाला. १९२७ मध्ये त्यांचे कुटुंब सॅन फ्रॅन्सिस्कोला आले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर (१९४३) ते पुढील वर्षी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी स्वामी विवेकानंदांनी १९०० साली स्थापन केलेली होती. वेदान्ताची शिकवण व आधुनिक विज्ञान यांचा मेळ कसा बसतो, याचा अभ्यास डॉब्सन यांच्याकडे सोपविण्यात आला होता. विश्व कसे आहे हे ग्रंथांवरून ठरविण्यापेक्षा ते पाहावे, असे वाटून त्यांनी १९५६ साली पहिला लहानसा दूरदर्शक तयार केला. त्यानंतरचा दूरदर्शक आरशाचा होता. मठवासीयाजवळ पैसा नसल्याने आरशासाठी त्यांनी भंगारात मिळालेली, जहाजाच्या खिडकीची जाड काच वापरली. या दूरदर्शकातून चंद्राचा खडबडीत पृष्ठभाग दिसला, तेव्हा हे दृश्य प्रत्येक माणसाने पाहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. सॅक्रामेंटो येथील मठात असताना ते चाके लावलेले दूरदर्शक रस्त्यावर नेऊन आसपासच्या मुलांना व मोठ्यांना आकाश दाखवू लागले. या कामामुळे मठाबाहेर जाणे वाढत गेले आणि अखेर १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला.

त्या काळी हौशी निरीक्षकांचे चांगले दूरदर्शक बहुधा विषुववृत्तीय बैठकीवर बसविलेले असत. अशा बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. त्याभोवती दूरदर्शक संथपणे फिरविला की तारा दृष्टिक्षेत्रात टिकून राहतो. दीर्घ उद्‌भासनाच्या छायाचित्रणास ही सोय आवश्यक असते परंतु त्यासाठी लागणारे धातूचे जड अक्षदंड व प्रतिभार यांमुळे ही बैठक महाग होते आणि ती वारंवार उचलून रस्त्यावर नेणे अवघड जाते. डॉब्सन यांना छायाचित्रे घ्यावयाची नव्हती. त्यांनी दूरदर्शक केवळ वरखाली (उन्नतांशात) व क्षितिजाला समांतर (दिगंशात) फिरेल अशी प्लायवुडची पेटी केली. जुन्या तोफेची नळी दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर गाड्यात टेकलेली असे, तशीच दूरदर्शकाची नळी या पेटीत टेकते आणि आरशाच्या वजनामुळे नळीचा गुरुत्वमध्य तळाशी येत असल्याने ती बुटक्या पेटीतही तोल राखते. नळीसाठी काँक्रीटचे खांब ओतण्याच्या कामी येणारी जाड पुठ्ठ्याची नळकांडी वापरली जात.

या रचनेचे मर्म घर्षणात आहे. सामान्यतः स्थिर वस्तू हलविण्यास लागणारी प्रेरणा ती हलती ठेवण्यास लागणाऱ्या प्रेरणेहून अधिक असते. त्यामुळे दूरदर्शक किंचित सरकवू गेल्यास तो प्रथम अडतो व मग एकदम पुढे निसटतो. गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर टेफ्लॉनचे छोटे तुकडे ठेवले असता दोन्ही घर्षणांतील हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. दूरदर्शक बोटाच्या धक्क्याने हवा तेवढाच सरकतो व सोडताच तेथेच थांबतो. कळसूत्र, दंतचक्र वा कुलूपखिळा काहीच लागत नाही. ज्याने दूरदर्शकाला पूर्वी कधी हातही लावलेला नाही, अशा मुलालाही तो लगेच हाताळता येतो.

आरसे घासण्याचे काम मंडळात हातानेच चाले. एका काचेवर दुसरी काच ठेवून, मध्ये कार्बोरंडमाची पूड व पाणी घालून घासत गेल्यास वरची काच अंतर्वक्र व खालची बहिर्वक्र होत जाते. २० सेंमी. व्यासाच्या व १२० सेंमी. नाभीय अंतराच्या आरशाला मध्यभागी सु. २ मिमी. खोली द्यावी लागते. एवढे काम काही तासांत होते. खरी चिकाटी लागते ती शेवटी, गोलीय पृष्ठाला डांबराच्या थरावर झिलई देत अन्वस्तीय आकार देताना कारण या दोन आकारांतील फरक एक मायक्रॉनाहूनही कमी असतो. आरशाची जाडी त्याच्या व्यासाच्या निदान एक षष्ठांश असावी, असा तेव्हाचा दंडक होता. डॉब्सन यांनी तो न जुमानता पातळ काचेचे मोठे आरसे केले आणि ते वाकू नयेत म्हणून त्यांना झोळीसारख्या पट्ट्याचा आधार दिला. अशा रीतीने सु. ६० सेंमी. व्यासाचा दूरदर्शकही रस्त्यावर आणता आला. असा आरसा अंधाराला सरावलेल्या उघड्या डोळ्याच्या सु. ७,००० पट प्रकाश गोळा करतो. जाणकारांना प्रारंभी या हलक्या, पुठ्ठ्याच्या यंत्रांविषयी शंका होती आणि ती अगदी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा अर्ध्या अंशाचे क्षेत्र सु. २ मिनिटांत ओलांडतो, म्हणून दूरदर्शक सतत हाताने सरकवावा लागतो व साध्या डॉब्सनीय बैठकीवर दीर्घ उद्‌भासनाची छायाचित्रे घेता येत नाहीत. पदपथावर मात्र हा दोषही कामी येतो. शनी डोळ्यांदेखत क्षेत्राबाहेर सरकताना पाहणारा माणूस आपण होऊन विचारतो, की हे काय फिरते आहे?

सॅन फ्रॅन्सिस्कोतील जॅक्सन व ब्रॉडरिक या रस्त्यांचा चौक हे मंडळाचे ठरलेले ठिकाण होते. शहराच्या दिव्यांत अंधूक तेजोमेघ व दीर्घिका हरवतात म्हणून तेथे चंद्र, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी अशा तेजस्वी गोष्टी दाखविल्या जात. दिवसा योग्य गाळणी वापरून सूर्यावरील डागही दाखवीत. चंद्र पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास दाखविणे चांगले कारण तेव्हा प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. पौर्णिमेला सावल्यांअभावी पृष्ठभाग सपाट भासतो. फिकट वस्तूंसाठी मंडळाचे सभासद मोठे दूरदर्शक वाहनांत घालून राष्ट्रीय उद्यानांत जात आणि तेथील काळोखात प्रवाशांना आकाशगंगेतील तारकागुच्छ व दूरच्या दीर्घिका दाखवीत. दूरदर्शकाजवळ उभ्या असलेल्या सभासदाने पाहणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी, अशी रीत होती. नुसते भिंगाला डोळा लावून पुढे जाणे डॉब्सन यांना पुरेसे वाटत नसे.

या संवादात डॉब्सन यांची स्वतःची मतेही येत. महास्फोट सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. विश्वातील द्रव्य पुनःपुन्हा नव्याने उपलब्ध होत राहते अशी त्यांची धारणा होती व तिला वेदान्ताच्या चिंतनाची जोड होती. वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणासारख्या पुराव्यांपुढे ही मते टिकली नाहीत आणि विश्वोत्पत्तिशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाहीत. दूरदर्शकामुळे मिळालेल्या श्रोत्यांपुढे ती मांडली जात, ही गोष्ट त्यांच्या कार्याची उणी बाजू म्हणून नोंदविली पाहिजे.

डॉब्सन यांनी आपल्या बैठकीचे एकस्व घेतले नाही. ती कोणीही करावी अशीच त्यांची इच्छा होती व १९९१ मध्ये तिच्या कृतीचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. १९८० पासून अमेरिकेत या रचनेचे मोठे दूरदर्शक तयार मिळू लागले व पूर्वी वेधशाळांपुरते असलेले ३० ते ५० सेंमी. व्यासाचे आरसे हौशी निरीक्षकांच्या हाती आले. २३ जुलै १९९५ च्या रात्री ॲरिझोनात टॉमस बॉप यांनी एका मित्राच्या सु. ४४ सेंमी. व्यासाच्या डॉब्सनीय दूरदर्शकातून एक अनोळखी धूसर ठिपका पाहिला. त्याच रात्री ॲलन हेल यांनाही तो न्यू मेक्सिकोतून दिसला. १९९७ मध्ये जगभर नुसत्या डोळ्यांनी दिसलेला हेल–बॉप धूमकेतू तो हाच. बॉप यांच्याजवळ स्वतःचा दूरदर्शक नव्हता.

महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, म्हणजे या मंडळाच्या बरीच आधीपासून कार्य करीत आहे. पुण्यातील आयुका या संस्थेत हौशी मंडळींना आरसे घासून दूरदर्शक बनविण्याचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा झाल्या आणि कमी खर्चाची डॉब्सनीय बैठक येथील आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांतही रुळली. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणी येथील रात्रभराचे कार्यक्रम बरेच लोकप्रिय ठरले. अशा कार्यक्रमांत काळोखे आकाश मिळते परंतु तेथे मूळची आवड असलेलाच माणूस पोहोचतो. कामावरून घरी निघालेल्या माणसाला भर चौकात थांबवून शनी दाखविण्याचा प्रकार आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. ग्रहणे, ८ जून २००४ व ६ जून २०१२ या दिवशी झालेली शुक्राची अधिक्रमणे किंवा २१ डिसेंबर २०२० ची गुरू–शनी युती अशा विशेष प्रसंगी मात्र मैदानांत, शाळांच्या पटांगणांत व इमारतींच्या गच्च्यांवर लोकांसाठी दूरदर्शक लावले जातात.