झाडाला जीव लावणें

दिवेलागणीनंतर कोणी तुळशीचें पान खुडावयास गेलें, तर घरांतील वडीलधारी बाई त्याचा हात अडविते व म्हणते, "आतां झाड निजलें आहे, सकाळीं घे." महाराष्ट्रांत हा नियम इतका घरोघरचा आहे कीं, तो कोणीं घातला हें विचारण्याची गरज कोणास वाटत नाहीं. शिकलेलीं मुलें त्यावर हसतात. हसण्यापूर्वीं त्यांनीं एकदां सायंकाळीं चिंचेकडे किंवा शिरीषाकडे पाहावें. दिवस मावळतांच त्यांचीं दलें जोडीजोडीनें मिटतात व पहाटे पुन्हां उघडतात. फ्रान्समधील द मेरां या शास्त्रज्ञानें इ. स. १७२९ मध्यें लाजाळूच्या जातीचें एक रोप अखंड अंधारांत ठेवून पाहिलें. सूर्य दिसत नसतांहि त्याचीं पानें वेळेवर मिटत व उघडत राहिलीं. तुळशीचीं पानें मात्र चिंचेसारखीं मिटत नाहींत. तेव्हां त्या बाईचें शास्त्र तुळशीपुरतें कच्चें आहे असें कोणी म्हणेल. पण तिला शास्त्र सांगावयाचें नसतेंच. निजलेल्या लेकराला जसें कोणी हालवीत नाहीं, तसें झाडालाहि हालवूं नये, एवढेंच तिचें म्हणणें असतें.

झाडाविषयीं असा जिव्हाळा वाटणें हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. त्याचा विचार करतांना मात्र दोन प्रश्नांची नेहमीं गल्लत होते. झाडाला कांहीं जाणवतें काय, हा एक प्रश्न. आणि आपल्या मनांतील माया किंवा दुःख झाडाला कळतें काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देतां येतें. दुसऱ्याचें उत्तरहि देतां येतें, पण तें भाविकांना आवडत नाहीं.

पहिल्या प्रश्नासंबंधीं आपल्या देशांत जगदीशचंद्र बसु यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १० मे १९०१ रोजीं त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत प्राण्याचा स्नायु, वनस्पति व धातु या तिहींवर आघात केला असतां विजेच्या रूपानें मिळणारीं उत्तरें त्यांनीं रेखांकित करून शेजारीं शेजारीं दाखविलीं. रेषा इतक्या सारख्या होत्या कीं, कोणती कोणाची हें सांगणें कठीण पडावें. पुढें त्यांनीं झाडाची वाढ दहा हजार पटींनीं मोठी करून दाखविणारें यंत्र बनविलें. गोगलगाईलाहि लाजवील इतकी मंद ती वाढ. पण त्या यंत्रामुळें ती डोळ्यांदेखत पाहतां येऊं लागली, आणि खताचा, विषाचा किंवा नुसत्या स्पर्शाचा तिच्यावर काय परिणाम होतो तें कांहीं क्षणांत समजूं लागलें. ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं, म्हणजे आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशीं, त्यांनीं कलकत्त्यास आपली संशोधनसंस्था उघडली. वनस्पतींच्या अंगांत प्राण्यांसारखी मज्जासंस्था आहे, हें त्यांचें मत पुढील शास्त्रज्ञांनीं मान्य केलें नाहीं. वनस्पतींच्या अंगांतून विजेचे संदेश धांवतात, हें मात्र सर्वमान्य झालें आहे.

अलीकडच्या संशोधनानें तर या संदेशाचा मार्गच उजेडांत आणला आहे. मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपाचें पान सुरवंटानें कुरतडलें कीं, जखमेपासून कॅल्शियमची एक लाट निघते आणि एकदोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत पोंचते. तीं पानें लगेच आपल्या बचावाचीं द्रव्यें तयार करूं लागतात. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनीं २०१८ मध्यें ही लाट चमकत्या प्रकाशाच्या रूपानें चित्रित केली. ज्यानें तें चित्रण पाहिलें त्याला फांदी मोडतांना हात थोडा आंखडावासा वाटला, तर नवल नाहीं. २०२३ मध्यें तेल अवीव येथील संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, पाणी तोडलेलें किंवा कापलेलें टोमॅटोचें व तंबाखूचें झाड तासाला तीसपन्नास वेळां टिचकीसारखा आवाज करतें; तो मनुष्याच्या कानाला ऐकूं येण्याच्या मर्यादेपलीकडचा असतो. वर्तमानपत्रांनीं लगेच "झाडें किंकाळ्या फोडतात" असे मथळे दिले. वस्तुतः खोडांतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटल्यानें तो आवाज होत असावा. तहानेनें ओठ फुटावेत तसें तें. त्याला रडणें म्हणणें ही बातमीदाराची करामत.

सारांश, झाडाला जाणवतें. तें जाणवणें म्हणजे दुःख होय काय, हें मेंदूवांचून दुःख संभवतें कीं नाहीं यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांचें उत्तर नकारार्थी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. अमेरिकेंत क्लीव्ह बॅक्स्टर नांवाचा एक गृहस्थ गुन्हेगारांचें खोटें पकडणारें यंत्र चालवीत असे. १९६६ सालीं त्यानें तें यंत्र कचेरींतील कुंडीमधल्या झाडाला जोडलें आणि पान जाळण्याचा नुसता विचार मनांत येतांच यंत्राची कांटी हालली, असें जाहीर केलें. १९७३ मध्यें याच विषयावरील एक पुस्तक जगभर खपलें, आणि घरोघर लोक कुंड्यांशीं बोलूं लागले. १९७५ मध्यें दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं काटेकोर बंदोबस्तानें त्याचा प्रयोग करून पाहिला, तेव्हां कांहींच निष्पन्न झालें नाहीं. कुंडीशीं बोलण्यांत अपाय नाहीं. बोलणारा निदान पाणी घालावयास विसरत नाहीं. परंतु झाडाला आपलें मन कळतें म्हणूनच त्याच्यावर माया करावयाची, असें एकदां ठरविलें कीं, कळत नाहीं हें सिद्ध होतांच कुऱ्हाड चालविण्यास मोकळीक मिळते. मायेला एवढा ठिसूळ पाया घालूं नये.

कोंकणांत हा पाया निराळा आहे. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यांत, सावित्रीच्या बाजूस, तुडील हें गांव आहे. या भागांतील व वर पोलादपूरकडील शेतकरी झाडांविषयीं हळवा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. पूर्वापार तो ऐन व किंजळ यांची कवळ तोडीत आला. ती वाळवून, शेण व पालापाचोळा यांच्यासह भाताच्या रोपांसाठीं राखलेल्या जमिनीवर पसरून, पावसापूर्वीं राब भाजीत आला. त्यावांचून त्याचें रोप उगवत नसे व पोट भरत नसे. झाड तोडणें हा त्याचा रोजचा धंदा. परंतु तोच मनुष्य गांवच्या देवराईच्या हद्दीशीं आला कीं, कोयता कमरेलाच राहतो. तेथील हिरवी फांदी तर नाहींच, कित्येक ठिकाणीं पडलेलें वाळकें लाकूडहि सरपणाला न्यावयाचें नाहीं, असा नियम. देवाच्या कामाला लाकूड लागलें, तरी आधीं देवाला कौल लावावयाचा व तो उजवा आला तरच घाव घालावयाचा. म्हणून आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईंत बेहडा, सातवीण, भेर्ली माड यांची गर्दी राहिली आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडाझाडांवरून गेल्या.

पुण्याचे वा. द. वर्तक व माधव गाडगीळ हे शास्त्रज्ञ १९७० नंतरच्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रांतील देवराया पाहत हिंडत होते. त्या वेळीं श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी या गांवच्या लोकांनीं त्यांना पत्र लिहून, आपली राई वनखात्याच्या तोडीपासून वांचविण्यास मदत मागितली. राई गेली तर गांवचा बारमाही झरा आटेल, ही त्यांची मुख्य चिंता होती. देवाच्या कोपाचें भय व झऱ्याची काळजी या दोन गोष्टी गांवकऱ्यांच्या मनांत इतक्या एकजीव झालेल्या असतात कीं, कोणती खरी व कोणती सोंग, असा भेद शहरांतल्या माणसानें करूं नये.

महाड तालुक्यांतच रायगड उभा आहे, आणि त्या राज्याच्या परंपरेंतूनच झाडांविषयींचा सर्वांत समंजस लेख निघाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विषय येतो. तो मजकूर शिवाजी महाराजांचा म्हणून पुष्कळदां छापला जातो. वस्तुतः आज्ञापत्र महाराजांच्या निधनानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं तयार झालें. गलबतांना मोठें लाकूड लागतें व आंबा, फणस हीं झाडें त्या कामीं उपयोगी पडतात, हें तेथें स्पष्ट मान्य केलें आहे. तरीहि त्यांना हात लावूं नये, अशी आज्ञा आहे. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेकरांप्रमाणें पुष्कळ काळ वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखाला पार राहात नाहीं. अगदींच जुनें झालेलें झाड हवें असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावें; बलात्कार सर्वथा करूं नये. झाडाला दुःख होतें कीं नाहीं, या वादांत अमात्य शिरतच नाहींत. ज्यानें झाड वाढविलें त्याला दुःख होतें, एवढें त्यांना पुरे वाटलें. सासरीं जाण्यापूर्वीं शकुंतलेला वृक्षांचा निरोप देणारे कण्व सुशिक्षितांना पाठ असतात. त्यामानानें, युद्धाची निकड असतां शत्रूच्या आरमारापुढें आपल्या शेतकऱ्याचा फणस सोडून देणारा हा कारभारी कमी आठवला जातो.

आज महाडकडच्या गांवांतील कित्येक घरांचीं तरुण माणसें मुंबईस असतात. गणपतीला व शिमग्याला तीं गांवीं येतात आणि ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार हा तेथील बैठकींतला मोठा विषय असतो. कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं कौलारू देऊळ जाऊन तेथें काँक्रीटचें शिखर आलें. सभामंडप वाढविण्यासाठीं, गाडी देवळापर्यंत नेण्यासाठीं राईचा एक कोपरा मोकळा केला गेला, आणि कधीं खर्च भागविण्यासाठीं कांहीं झाडें विकलीहि गेलीं. हें करणारा मनुष्य देवावर व गांवावर प्रेम करणाराच असतो, त्याची वर्गणीहि घामाची असते. पण झाडांना कौल लावण्याची चाल त्यानें लहानपणीं पाहिलेली नसते, आणि ज्या म्हाताऱ्यांनीं ती पाळली ते बैठकींत मागल्या रांगेंत बसतात. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकांत सिमेंट, सळई व फरशी यांचा हिशेब असतो. झाडें किती जाणार, याला त्यांत रकाना नसतो. वर्गणी देणाऱ्यानें पावती घेण्यापूर्वीं तो रकाना घालावयास सांगावें, आणि त्याच बैठकींत मागल्या रांगेंतील म्हाताऱ्यांना पुढें बोलावून, राईची हद्द कोणत्या झाडापासून कोणत्या झाडापर्यंत आहे, तें त्यांच्या तोंडून लिहून घ्यावें.