कुरडईचा घाऊक भाव

कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास चिकात उतरतो. मग वाटण, पिळण, गाळण. रात्रभर निवळलेल्या चिकावरचं पाणी अलगद ओतून टाकायचं आणि पहाटे उकळत्या पाण्यात तो सोडून घोटत राहायचं. एक जण ओतते, दुसरी घोटते. गुठळी राहिली की सोऱ्यातून तार तुटते. ऊन तापायच्या आत कुरडया पत्र्यावर पडलेल्या हव्यात. सुप्याकडच्या एका बचत गटाची ही धांदल उन्हाळाभर चालते. पारनेरचा हा पट्टा कमी पावसाचा. शेतीला नडणारं ऊन वाळवणाला मात्र लाभतं.

ओळखीपाळखीत विकताना अडत नव्हतं. नणंदेची जाऊ, शाळेतल्या बाई, पुण्याला निघालेलं कुणीतरी, अशी पाकिटं जायची. नगर-पुणे रस्त्यावरच्या दुकानात माल ठेवायचं ठरलं आणि चव बाजूला राहिली. दुकानदाराने पाकीट आधी उलटं केलं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक. मग कानाशी धरून हलवलं. आत चुरा किती, ते आवाजावरून कळतं म्हणे.

“ताई, यात मला काय सुटतं?”

या प्रश्नाने गटाची सगळी वही पुन्हा मांडायला लावली. समजा, 200 ग्रॅमचं पाकीट घरून 80 रुपयांना जातं. दुकानाला 20 टक्के सोडले की हाती 64. गहू, गॅस, पाकीट, लेबल, टेम्पोभाडं यांचे 45 धरले तर उरतात 19, आणि त्यातच पहाटेपासूनची मेहनत. घरून विकताना उरलेल्या पैशाला सरळ ‘फायदा’ म्हटलं जायचं. मजुरी कुणी धरलीच नव्हती. घरचंच तर काम! दुकानाचा वाटा काढून दिल्यावर ती वजाबाकी उघडी पडली. मला विचाराल तर घाऊक विक्रीचा पहिला लाभ हाच, गिऱ्हाईक वाढतं ते नंतर. छापील किंमत वाढवावी लागली, आणि घरी येणाऱ्यांनाही तीच सांगावी लागली. एकीकडे दुकानात 95 आणि दुसरीकडे ओसरीवर 80, हे दुकानदार एकदाच खपवून घेतो.

लिज्जतच्या विक्रीची सुरुवातही दुकानातूनच झाली. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटले. पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्या संस्थेचा पसारा सगळे सांगतात. मला मोलाची वाटते ती त्यांची ‘वणाई’: जितके किलो लाटले, तितके लाटण्याचे पैसे. नफ्यातोट्याचा हिशेब त्यानंतरचा.

भाव ठरला की उधारी. “ठेवून जा, विकलं की देतो,” हे वाक्य प्रत्येक गल्ल्यावर तयार असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. पण दहा पाकिटांसाठी कायदा काढणाऱ्या बाईकडून पुन्हा माल कोण घेईल? गटाने आपला नियम केला: पहिली खेप रोख, पुढची मागची बाकी मिटल्यावर. चुरा झालेली पाकिटं मात्र बदलून द्यायची. एका दुकानाने रोखीला नकार दिला, तर ते सोडून दिलं.

आषाढात एका दुकानातून फोन आला: औद्योगिक वसाहतीतल्या खोल्यांवर राहणारी पोरं लहान पाकिटं मागतात, शंभर तरी पाठवा. ढगाळ हवेत नवी कुरडई वाळणार कशी? हिशेब ठेवणारीने पत्र्याचे डबे उघडून पाहिले आणि कळवलं, “चाळीस देते भाऊ, भाव तोच. बाकी आता शिमग्यानंतर.”