नावावरून पत्ता : कार्यालयीन संगणकांची एक आवश्यक व्यवस्था

गावात पाहुणा येतो तेव्हा तो माणसाचे नाव घेऊन घर विचारतो. घर क्रमांक त्याला ठाऊक नसतो. संगणकांना मात्र एकमेकांपर्यंत पोहोचण्यास अंकरूप पत्ताच लागतो. नावावरून तो पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस, म्हणतात. प्रारंभी अमेरिकेतील अर्पानेट जाळ्यातील सर्व नावे एकाच यादीत असत. ती यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी अनेक सर्व्हरांत वाटून देणारी ही पद्धत मांडली.

हा विषय आम्ही येथे घेतला, याला कारण आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी, दाखले, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आता कार्यालयातील सर्व्हरवर असतात. एके वर्षी अर्जांची मुदत संपत आली असताना वीज जाऊन आली आणि काही संगणकांवर दाखल्यांचे सामाईक फोल्डर उघडेना. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू होते. दुःखाचे कारण शोधल्यावाचून निवारण नाही, ही तथागतांची शिकवण आम्ही मुलांना देतो. त्या दिवशी ती आम्हालाच आचरावी लागली.

कारण आमच्याच मांडणीत सापडले. प्रत्येक संगणकात आम्ही डीएनएसचे दोन पत्ते दिले होते : पहिला कार्यालयातील सर्व्हरचा आणि दुसरा, सुरक्षितता म्हणून, बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरचा. पहिल्याकडून उत्तर न आल्यास संगणक दुसऱ्याकडे वळतो व काही काळ त्यालाच विचारत राहतो. वीज आल्यावर आमचा सर्व्हर सुरू होण्यास काही मिनिटे लागली. तेवढ्यात संगणक बाहेर वळले. आमच्या अंतर्गत नावांची नोंद बाहेर नव्हतीच. 'असे नाव नाही' असे उत्तर आले. संगणकाच्या दृष्टीने तेही पूर्ण उत्तरच असते. म्हणून त्याने पुन्हा कोणाला विचारले नाही. विंडोज डोमेनमध्ये तर ओळख पटविणारा सर्व्हर कोठे आहे, हेही डीएनएसलाच विचारले जाते.

यावरील उपाय सोपा आहे. सर्व्हरचा पत्ता कायम ठेवावा, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेत डीएनएस म्हणून केवळ तोच द्यावा, राउटरचाही देऊ नये. बाहेरची नावे त्या सर्व्हरनेच, 'फॉरवर्डर' म्हणून नेमलेल्या सर्व्हरकडून, विचारून आणावीत. दुसरा आधार हवा असल्यास त्याच नोंदी ठेवणारा दुसरा सर्व्हर कार्यालयातच उभारावा. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावेत आणि 'एनएसलुकअप' या आज्ञेने एक आतले व एक बाहेरचे नाव विचारून पाहावे. दोन्ही उत्तरे आतल्या सर्व्हरकडूनच आली पाहिजेत.

शेवटी, ही सारी मांडणी वहीत लिहून ठेवावी. ती एकाच माणसाच्या स्मरणात राहिली, तर तो रजेवर गेला की कार्यालय अडते. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज पतसंस्था, दवाखाने, लहान उद्योग चालवितात. त्यांनी आपल्या कार्यालयातील हा दुसरा पत्ता एकदा अवश्य तपासावा. कार्यालयात अडलेल्या एका कागदामागे बहुधा एखाद्या मुलाचे शिक्षण थांबलेले असते, हे आम्ही त्या दिवशी जवळून पाहिले.