चित्रपटाची वाट कोठे चुकते?

मुलाचे मोठे होणे हा आपल्या कौटुंबिक चित्रपटांचा आवडता विषय आहे. परंतु असे चित्रपट पुष्कळदा मध्यंतरानंतर वाट चुकतात. हे का होते, याचा येथे थोडा विचार करू.

रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला, २०१३ साली आलेला 'बालक-पालक' घ्या. चाळीतील एक मुलगी एकाएकी घर सोडून जाते. मोठी माणसे कुजबुजतात. मुलांना कोणी काही सांगत नाही. तेव्हा मुले आपल्या परीने शोध घेऊ लागतात. येथवर चित्रपट मुलांचा आहे. त्यांची लाज आणि धिटाई आपल्या ओळखीची वाटते. शेवटाकडे मात्र एक समंजस काका पुढे येतात व सारे समजावून सांगतात. ते सांगणे खोटे नाही, गरजेचेही आहे. पण तेथे मुलांचा शोध संपून पालकांचा वर्ग सुरू होतो. आमच्या मते वाट चुकते ती येथे.

उमेश कुलकर्णी यांचा २००९ सालचा 'विहीर' याच्या शेजारी ठेवून पाहावा. नचिकेत विहिरीत बुडून जातो आणि त्याचा जिवलग समीर त्याला शोधीत राहतो. वाटेत माणसे भेटतात. तयार उत्तर मात्र कोणी त्याच्या हाती ठेवीत नाही.

मग शिकवण नकोच काय? तसे नव्हे. आचार्य अत्र्यांच्या ज्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तो 'श्यामची आई' साने गुरुजींच्या शिकवणीने भरलेल्या पुस्तकावरच काढलेला होता. त्या पुस्तकात आई भित्र्या श्यामला मारून विहिरीवर धाडते. पण पाण्यात हातपाय मारावे लागतात ते श्यामलाच. वेळ नदीकाठच्या आपल्या तळेगाव ढमढेऱ्यात जे विहिरीत पोहायला शिकले, त्यांना हे निराळे सांगावयास नको. वडीलधाऱ्याने दोर धरावा. पोहायचे ते मुलानेच.

दोष एकट्या दिग्दर्शकाचाही नाही. घरी बोलावयाचा संकोच वाटतो ते पडद्यावरील काकांनी बोलावे, ही अपेक्षा आपणा पालकांचीच असते. तिकीट काढले की कर्तव्य संपले, असे आपण मानतो. चित्रपट पाहून परतताना मुलाने काही विचारलेच, तर विषय बदलू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.